कायदेमंडळातला लोकनायक : प्रस्तावना

‘लोकनायक’ माधव श्रीहरी तथा बापूजी अणे हे नाव मराठी वाचकाला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक आहे. कुणाला १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह आठवतो, कुणाला १९४३ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून दिलेला राजीनामा. बिहारचे राज्यपाल म्हणून त्यांची नोंद सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असते. ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या त्यांच्या संस्कृत काव्याला १९७३ साली मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे संस्कृतचे अभ्यासक सांगतात. वणी गावी २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मलेला आणि २६ जानेवारी १९६८ रोजी निधन पावलेला हा माणूस आपल्या सार्वजनिक आयुष्याचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या सभागृहात बसून होता. त्या बसण्याविषयी मात्र फारसे लिहिले गेले नाही. जे लिहिले गेले त्याचा सूर असा की, अणे धरसोडीचे होते: कायदेमंडळात गेले, सोडले, तुरुंगात गेले, पुन्हा कायदेमंडळात आले, काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले, काँग्रेसशी भांडले, सरकारात शिरले आणि तिथूनही बाहेर पडले. या येण्याजाण्यामागे एक सलग विचार होता, तो मध्य प्रांतातल्या एका फसलेल्या प्रयोगातून घडला होता आणि एका प्रसंगी तो स्वतः अण्यांनाच पेलला नाही, असे प्रस्तुत ग्रंथाचे म्हणणे आहे. ते तपासण्याआधी नवख्या वाचकाला या राजकारणाचा मुलूख दाखवणे भाग आहे.

सुरुवात थोडी दुरून, आयर्लंडहून करावी लागते. टिळकांच्या पिढीला आणि त्यांच्या मागच्या फळीला आयर्लंड हा जवळचा विषय होता. नरसिंह चिंतामण केळकरांनी आयर्लंडचा इतिहास मराठीत लिहिला, तो हौसेखातर नव्हे. साम्राज्याच्या पोटात राहून साम्राज्याशी भांडायचे कसे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच होता. १८७५ साली पार्लमेंटात आलेल्या चार्ल्स स्टुअर्ट पार्नेलने तिथे अडवणुकीचे शास्त्रच बनवले. रात्ररात्र भाषणे करायची, प्रत्येक विधेयकाला उपसूचना टाकायच्या, सभागृहाचे काम आयर्लंडचा प्रश्न सुटेपर्यंत सुरळीत चालू द्यायचे नाही. १८८५ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाचे ८६ सभासद निवडून आले आणि ६७० जणांच्या त्या सभागृहात सरकार कुणाचे बसणार हे त्यांच्या हाती आले. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनला आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक आणावे लागले. १८८६ च्या जूनमध्ये ते तीस मतांनी पडले, ही गोष्ट वेगळी. पुढे एका घटस्फोटाच्या खटल्याने पार्नेलचा पक्ष फुटला आणि १८९१ साली तो वारला. १९१८ नंतर ७३ जागा जिंकलेल्या शिन फेन पक्षाच्या सभासदांनी लंडनला जाण्याचेच नाकारले आणि डब्लिनमध्ये स्वतःचे सभागृह भरवले. आत जाऊन अडवा किंवा मुळीच जाऊ नका, असे दोन आयरिश धडे १९२० साली हिंदुस्थानातल्या राजकारण्यांपुढे उघडे होते.

टिळकांनी तिसरा शब्द काढला, प्रतियोगी सहकारिता. १९१९ च्या अमृतसर काँग्रेसच्या सुमारास त्यांनी मांडलेला आशय साधा आहे: सरकार जितके देईल तितके घ्यायचे, वापरायचे आणि उरलेल्यासाठी भांडायचे. समोरचा हात पुढे करील तितकाच आपला हात पुढे. टिळक १९२० च्या ऑगस्टमध्ये गेले आणि त्याच वर्षअखेरीस नागपूरच्या काँग्रेसने असहकार पक्का केला. वऱ्हाडातल्या टिळकांच्या माणसांची अडचण तिथून सुरू झाली. गांधींचे नेतृत्व त्यांनी मानले, तुरुंगही पत्करला, पण मोकळी सभागृहे दुसऱ्यांसाठी सोडून देण्यात शहाणपण आहे हे त्यांना कधीच पटले नाही. अणे यांच्याइतके हे कुणात ठळक दिसत नाही. अमरावतीत काही काळ शिक्षकी, मग यवतमाळात वकिली, होमरूल लीगचे काम आणि पुढे वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद, अशी त्यांची वाट. गांधीयुगात वावरलेला हा टिळकपंथी माणूस होता.

सुरुवातीला उल्लेखिलेल्या फसलेल्या प्रयोगाची प्रयोगशाळा होती मध्य प्रांताचे नागपूरचे कायदेमंडळ. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. पोलीस, महसूल, न्याय ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे; शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सोपीव खाती लोकांना जबाबदार मंत्र्यांकडे. १९२३ च्या निवडणुकीत, कायदेमंडळात शिरून अडवणूक करायला निघालेल्या स्वराज्य पक्षाला साऱ्या हिंदुस्थानात निखळ बहुमत मिळाले ते फक्त मध्य प्रांत व वऱ्हाडात. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आणि बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव या मंडळींनी पार्नेलचे सूत्र टोकाला नेले. मंत्रिमंडळ बनवायचे नाकारले, मंत्र्यांवर अविश्वास मंजूर केला, अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला. दोन रुपयांचा तो ठराव वाचताना आजही हसू येते, आणि तो हसण्यासाठीच केलेला होता. मंत्र्यांना जावे लागले. पण पुढे काय झाले? गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी सोपीव खातीही स्वतःकडे घेतली. लोकांच्या हाती आलेली शाळा, दवाखाने, जिल्हा कौन्सिले एवढीच काय ती सत्ता परत साहेबाच्या मेजावर जाऊन पडली. पार्नेल ज्या सभागृहाचे काम अडवत होता ते साम्राज्य चालवणारे सभागृह होते. ते अडले की मंत्रिमंडळ डळमळे. नागपूरचे सभागृह अडले तर नागपूरच अडत होते, साम्राज्याचे काहीच अडत नव्हते. हा फरक कळायला स्वराज्य पक्षाला दोन वर्षे लागली. या प्रांताच्या मराठी राजकारणाचे पुढचे सारे कलह त्या दोन वर्षांच्या हिशेबातून निघाले, असे माझे मत आहे.

१९२५ च्या ऑक्टोबरात कायदेमंडळाचे अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. स्वराज्य पक्षाचे नेते मोतीलाल नेहरू संतापले. रोगट अवयव कापून टाकावा लागतो, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे मराठी गोटाला फार झोंबले. केळकर, मुंजे, जयकर हे मराठी पुढारी पक्षाबाहेर पडले, १९२६ च्या फेब्रुवारीत अकोल्यात प्रतिसहकार पक्ष उभा राहिला आणि अणे त्याच्या प्रमुख माणसांपैकी एक होते. साबरमतीला समेटाचा प्रयत्न झाला आणि मोडला. येथून पुढे या प्रांतात तीन वाटा दिसतात. पहिली, सत्ता मिळेल तिथे घ्यायची आणि सांभाळायची: राघवेंद्र राव १९२७ साली मंत्री झाले, पुढे १९३६ मध्ये काही महिने हंगामी गव्हर्नरही झाले. दुसरी, काँग्रेसच्या शिस्तीची: पक्ष सांगेल तेव्हा आत, सांगेल तेव्हा बाहेर, रायपूरचे रविशंकर शुक्ल या वाटेचे. तिसरी अण्यांची, तिचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण कृतीवरून तो काढता येतो. जी जागा काही करू देते ती घ्यावी. काही करू देत नाही असे दिसले की सोडावी. आणि सोडण्याचा निर्णय दुसऱ्याच्या हाती देऊ नये. गंमत अशी की, त्याच सुमारास, १९२७ च्या ऑगस्टमध्ये, आयरिश नेता इमॉन डी व्हॅलेरा राजनिष्ठेच्या ज्या शपथेमुळे आयर्लंडच्या सभागृहाबाहेर थांबला होता त्याच शपथेला ‘केवळ औपचारिकता’ म्हणत आत शिरला. आत जाण्याची नाचक्की सोसून बाहेरचे राजकारण टिकवायचे, हा पेच एकट्या वऱ्हाडचा नव्हता.

अण्यांच्या बाबतीत या पेचाला एक घटनात्मक गाठही होती आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. वऱ्हाड कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हताच. तो निजामाचा मुलूख, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, १९०२ च्या करारान्वये कायमच्या पट्ट्याने घेतलेला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडलेला. त्यामुळे मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचा मतदार थेट सभासद पाठवू शकत नसे. वऱ्हाडात निवडणूक होई, निकाल लागे आणि मग त्या निकालाबरहुकूम सरकार त्या माणसाला ‘नेमत’ असे. म्हणजे १९२४ पासून दिल्लीत सरकारवर तुटून पडणारे बापूजी अणे कागदोपत्री सरकारनियुक्त सभासद! लोकांनी निवडलेल्या माणसावर सरकारी शिक्का बसतो आणि तरी तो लोकांचाच राहतो, हा अनुभव ज्याने प्रत्येक निवडणुकीत घेतला त्याला सरकारी शिक्क्याचे भय कमी वाटले असावे. १९४१ चा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जाण्याचा त्यांचा निर्णय समजून घेताना हे विसरता कामा नये.

१९३० मध्ये अण्यांनी दिल्लीच्या कायदेमंडळाचा निरोप घेतला. ते मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष, पण वऱ्हाडाला समुद्र नाही, मिठागरे नाहीत; इथे सरकारचा कायदा शेतकऱ्याला भेटतो तो राखीव जंगलाच्या हद्दीवर, चराईच्या पासात आणि गवताच्या भाऱ्यात. म्हणून जुलैमध्ये पुसदला अण्यांनी राखीव जंगलातले गवत कापले आणि तुरुंग पत्करला. कायदे करणाऱ्या सभेतून उठून कायदा मोडायला जाणे हे त्यांच्या टीकाकारांना विसंगत वाटले. सायमन कमिशन आणि १९२८ च्या नेहरू समितीच्या अहवालाचे काय झाले हे डोळ्यांसमोर ठेवले तर तसे वाटणार नाही. त्या समितीवर अणे स्वतः होते आणि सनदशीर मार्गाने मांडता येईल तेवढे मांडून झाले होते. १९३३ साली ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष असताना पुण्याच्या बैठकीनंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक कायदेभंग सुरू करण्याचे जाहीर पत्रक त्यांच्या सहीने निघाले, आणि मग त्या वैयक्तिक कायदेभंगात ते स्वतःही पकडले गेले. १९३४ ला स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या जातीय निवाड्यावर काँग्रेसने ‘स्वीकारही नाही, नकारही नाही’ अशी भूमिका घेतली. पंडित मालवीय आणि अणे यांनी ती नाकारून वेगळा काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला. या पक्षाविषयी गोड बोलण्याचे कारण नाही. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांचा विरोध तत्त्वाचा होता, पण त्या विरोधाच्या सभांना जी गर्दी जमत होती तिच्यातले पुष्कळ लोक तत्त्वासाठी आलेले नव्हते, आणि हे अण्यांसारख्या मुरब्बी माणसाला कळत नव्हते असे मानणे कठीण आहे.

खरा आक्षेप १९४१ चा. वैयक्तिक सत्याग्रहात हजारो माणसे तुरुंगात असताना जुलैमध्ये व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ वाढवण्यात आले. त्यात प्रथमच हिंदी सभासद बहुसंख्य होते, आणि आपल्या या एकाच प्रांतातून दोघे होते, राघवेंद्र राव आणि अणे. अण्यांकडे परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते आले. प्रतियोगी सहकारितेच्या तर्काने हे समर्थनीय ठरवता येते: जागा रिकामी ठेवली तर ती दुसरा घेईल, सिलोन, ब्रह्मदेश, आफ्रिकेतल्या हिंदी मजुरांचे प्रश्न तर आजचे आहेत. पण १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या सरकारने गांधींना आणि सगळ्या कार्यकारिणीला पकडले त्या सरकारात अणे होते, आणि त्यांनी राजीनामा दिला नाही. त्याच महिन्यात चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला उठाव झाला आणि नंतर लष्कर व पोलिसांच्या अत्याचारांच्या, स्त्रियांवरच्या बलात्कारांच्या तक्रारी आल्या. सेवाग्रामचे प्राध्यापक भणसाळी नोव्हेंबरमध्ये दिल्लीला गेले आणि चौकशी करा, निदान स्वतः चिमूरला या, अशी मागणी घेऊन त्यांनी अण्यांच्याच बंगल्यावर उपोषण आरंभले. त्यांना पकडून परत पाठवण्यात आले. त्यांचे उपोषण जानेवारीपर्यंत, ६३ दिवस चालले. चिमूर ते वणी हे अंतर फार नाही. वऱ्हाड-नागपूरच्या आपल्या लोकांवर काय ओढवले हे विचारायला एक फकीर वृत्तीचा माणूस दाराशी आला होता आणि आतल्या माणसाला सरकारी मर्यादा ओलांडता आल्या नाहीत. जी जागा काही करू देत नाही ती सोडावी, हा नियम अण्यांचाच. चिमूरच्या वेळी त्या जागेने काही करू दिले नव्हते आणि तरी ती सुटली नाही. गांधींचे एकवीस दिवसांचे उपोषण १० फेब्रुवारी १९४३ ला सुरू झाले, सरकारने सुटकेला नकार दिला, तेव्हा १७ तारखेला होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह अणे बाहेर पडले. हा राजीनामा मोठा होता. तो उशिरा आला होता हेही तितकेच खरे.

यावर एक उत्तर दिले जाते की, बाहेर पडलेला माणूस त्याच वर्षी सरकारचा प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेला, तेव्हा राजीनामा दिखाऊ होता. मला हे पटत नाही. चहाच्या मळ्यांतल्या लाखो तमिळ मजुरांचा प्रश्न त्यांच्या खात्याचाच होता आणि तिथे साम्राज्याची धोरणे ठरत नव्हती. ती वकिलीची जागा होती, राज्य करण्याची नव्हे. तुलनेला त्याच प्रांताचा तिसरा माणूस घ्यावा. अण्यांच्या राजीनाम्यानंतर काही महिन्यांत त्याच खात्यावर डॉ. नारायण भास्कर खरे आले आणि १९४६ पर्यंत राहिले. राघवेंद्र राव पदावर असतानाच १९४२ साली वारले. तिघेही एकेकाळी स्वराज्यवादी, तिघांपुढेही तोच दरवाजा. उलट्या पावली फिरला तो एकटा.

खऱ्यांचे नाव निघाले की रायपूरचा वाचक १९३८ कडे वळणारच. खरे प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान. जुलै १९३८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, त्यांच्या मंत्रिमंडळातल्या शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांनी द्यायला नकार दिला, गव्हर्नरने या मंत्र्यांना बडतर्फ केले, खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले आणि काही दिवसांतच काँग्रेस श्रेष्ठींनी त्यांना खाली उतरवून रायपूरच्या रविशंकर शुक्लांना गादीवर बसवले. मराठी भागात ही महाकोशलची, म्हणजे प्रांताच्या हिंदी भागाची, कुरघोडी मानली गेली, हिंदी भागात पक्षशिस्तीचा विजय. रायपुरात राहणारा मराठी माणूस दोन्ही बाजूंचे ऐकत मोठा होतो. भोसल्यांच्या राज्यात बिंबाजींबरोबर रतनपूरला आलेली, नंतर कचेऱ्या आणि बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकऱ्यांमुळे रायपुरात, स्टेशनच्या अलीकडे-पलीकडे वसलेली घरे नागपूरकडे आपली राजधानी म्हणून बघत होती, पण वामनराव लाखे आणि माधवराव सप्रे यांनी काम केले ते हिंदीतून आणि छत्तीसगढासाठी. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ निघाला तो या मंडळींचा. म्हणून अण्यांचे राजकारण केवळ वऱ्हाडाचे समजून वाचणे अपुरे आहे. ज्या कायदेमंडळाने त्यांचा विचार घडवला त्यात बिलासपूर आणि रायपूर तितकेच बसले होते, आणि दोन रुपयांच्या पगाराचे श्रेय छत्तीसगढी माणसालाही जाते.

स्वातंत्र्यानंतरची कारकीर्द थोडक्यात सांगता येते: घटना परिषद, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपालपद. मग या वृद्धाने असे काही केले की त्याचे सोयीस्कर वर्णन कुणाला जमत नाही. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, ती मानली गेली नाही, १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबईत आणि छत्तीसगढ मध्य प्रदेशात गेले. राज्यपाल राहून आलेले अणे विदर्भाच्या मागणीवर १९५९ च्या पोटनिवडणुकीत नागपुरातून लोकसभेत गेले आणि १९६२ ला, संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन वर्षे झाल्यावर, पुन्हा अपक्ष निवडून आले. संयुक्त महाराष्ट्राच्या विजयात रमलेल्या मराठी लेखनाने या निवडणुकीला जेमतेम जागा दिली आहे. पुढे १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगढ राज्य झाले. विदर्भ झाले नाही. दोन्ही मागण्या एकाच जुन्या प्रांताच्या मोडणीतून उठल्या होत्या, त्यांचे भविष्य असे वेगवेगळे का झाले, याचे उत्तर भाषेत नाही, संसदेतल्या संख्येत आणि पक्षांच्या गरजेत आहे. अण्यांची त्या काळातली भाषणे या दृष्टीने वाचावीत.

आज हे का वाचायचे? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर राजीनाम्याचा अर्थच पालटला. सभासदाने पद सोडणे ही मतभेदाची खूण राहिली नाही, ती बहुमताचे गणित फिरवण्याची खेळी झाली, आणि दुसरीकडे सभात्याग व बहिष्कार हे विरोधकांचे रोजचे काम झाले. आत राहून काय मिळते आणि बाहेर पडून काय मिळते, हा हिशेब मांडायला लावणारी उदाहरणे आपल्याच प्रदेशात आहेत, ती नव्या पिढीला ठाऊक नाहीत. मध्य प्रांत व वऱ्हाडावर डी. ई. यू. बेकर यांचा १९७९ सालचा अभ्यास इंग्रजीत आहे; तो नेत्यांच्या गटबाजीचा आणि हिंदी-मराठी तेढीचा उत्तम नकाशा देतो, पण सभागृहात काय बोलले गेले याकडे त्याचे लक्ष कमी. जयकर, खरे, मिश्र यांनी आत्मचरित्रे लिहिली, केळकरांनी ‘गतगोष्टी’ लिहिल्या. प्रत्येकाने आपला खटला आपण चालवला आहे आणि वकील उत्तम आहेत, तेव्हा वाचकाने सावध असावे. अण्यांविषयीचे मराठी लेखन बहुतेक गौरवाचे, म्हणजे ऑगस्ट १९४२ वरून पटकन पुढे सरकणारे.

या ग्रंथाने वेगळी वाट धरली आहे. तो जन्मापासून मृत्यूपर्यंत कालक्रमाने चालत नाही. अणे ज्या ज्या सभागृहात बसले त्या सभागृहाचे अधिकार काय होते, हे आधी सांगून मग त्यांनी तिथे काय मागितले, काय मिळाले, काय सोडले हे दाखवतो. त्यामुळे भाषणाला त्याची किंमत कळते. नागपूरच्या कायदेमंडळात प्रश्नोत्तराचा तास हा सदस्याच्या हातातला खरा अधिकार होता, अंदाजपत्रकावरचे मत शेवटी गव्हर्नरच्या शिक्क्याने फिरवता येत होते, आणि हे न सांगता कुणाचेही भाषण जसेच्या तसे छापले तर वाचक ते आजच्या विधानसभेच्या मोजपट्टीने मोजील. चिमूरच्या प्रकरणावर ग्रंथ पांघरूण घालत नाही, पण त्या एका प्रकरणाने सारी कारकीर्द निकालात काढत नाही. मी वर मांडलेले मत ग्रंथाच्या मताहून कुठे कडक आहे, कुठे सौम्य. ते वाचकाच्या लक्षात येईल आणि यावे. एक गोष्ट इथे हाती आलेली नाही: छत्तीसगढच्या सभासदांनी नागपूरच्या कायदेमंडळात विचारलेले प्रश्न. तगाई, जंगल, पाटबंधारे, बेगारी यांवरचे ते प्रश्न स्वतंत्रपणे संपादित करून मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांत छापण्याजोगे आहेत, आणि ते काम नागपूरपेक्षा रायपूरला बसून अधिक चांगले होईल.

गुढियारी, रायपूर